चिंगीसह कुंडलिकेच्या काठी

पुणे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. मांजराला घेऊन नदीकाठी तंबूत राहायला जाणे म्हणजे शुद्ध वेडेपणा, असे काकूंचे मत तू कळवले आहेस आणि त्या मताशी मी निम्मा तरी सहमत आहे. बहुतेक मांजरांना घर आणि घरातली आपली ठरलेली जागा माणसांहून प्यारी असते. अशा मांजराला पेटीत कोंबून रानात नेणे म्हणजे आपल्या हौसेपायी त्याचा छळच होय. आमची चिंगी मात्र लहान असल्यापासून गाडीत निवांत झोपते आणि अनोळखी जागी शेपटी ताठ उभी ठेवून हिंडते, म्हणूनच यंदाच्या थंडीत तिला कुंडलिका नदीकाठच्या कोलाडला नेण्याचे आम्ही ठरवले.

ताम्हिणी घाटाने गेलो. तेथील अभयारण्यात मांजर मोकळे करणे योग्य नव्हे, त्यामुळे घाटभर तिची पेटी बंदच ठेवली. वाटेत मुळशीचा जलाशय लागतो आणि तेच पाणी पुढे कुंडलिकेत पुन्हा भेटते, याची मला दर वेळी मौज वाटते. मुळा खरे तर पूर्वेला, भीमेच्या दिशेने जाणारी नदी. परंतु टाटांनी धरण बांधून अडवलेले तिचे पाणी सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात उतरवले जाते आणि तेथून कुंडलिकेच्या पात्राने रोह्यावरून रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. हे वीजघर १९२७ सालचे. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह केला, त्याच धरणामुळे ही नदी भर उन्हाळ्यातही वाहती राहते. काठावरची हिरवाई पाहताना वर पाण्याखाली गेलेली गावे मला आठवतातच.

तंबू ठोकणाऱ्यासाठी मात्र या इतिहासाला रोकडा अर्थ आहे. रात्री ज्या खडकांवर कोरडे बसता येते, तेच खडक सकाळी वीजघरातून पाणी सुटले की बुडतात. राफ्टिंगवाले त्या पाण्याचीच वाट पाहत असतात. आम्ही गावकऱ्यांना विचारून पाणरेषेच्या बरेच वर, एका करंजाखाली मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी चिंगी काठावरच्या सपाट दगडावर बसली असताना पाणी एकेक गोटा गिळत वर चढले. तिने पुढचा पंजा उचलला, तीनदा झटकला, अंगावर कोणी मुद्दाम पाणी उडवल्यासारखे माझ्याकडे रागाने पाहिले आणि शांतपणे वरच्या दगडावर जाऊन बसली.

तू विचारतोस, मांजर चालते तरी किती? अरे, आपण तिला फिरवत नसतो, तीच आपल्याला थांबवत असते. वीसेक पावले झाली की एखादे झुडूप हुंगायचे, वाळलेल्या पानाखाली सरडा सरकला की तिथेच ठाण मांडायचे, आणि मन भरले की आपण होऊन उठायचे. पायवाटेने पुढच्या वाडीपर्यंत सहज जाऊ, हा माझा बेत पहिल्याच वळणावर बारगळला, पण त्याचे दुःख झाले नाही. कारण एका जागी इतका वेळ बसल्यामुळेच खंड्याने एकाच फांदीवरून पुनःपुन्हा सूर मारलेला आणि कवड्या धोब्याने खडकावर शेपटी हलवत केलेली येरझार मला दिसली. उरलेली वाट ती माझ्या पाठपिशवीत बसून, डोके बाहेर काढून गेली.

तिची दोरी मात्र क्षणभरही सोडली नाही. नुसता गळपट्टा कुचकामी असतो. छाती आणि पोट धरणारा हार्नेस हवा, आणि तोही असा की पट्ट्याखाली जेमतेम दोन बोटे जातील, कारण घाबरलेले मांजर मागे मागे सरकून ढिल्या हार्नेसमधून अलगद निसटते. घरात आधी काही आठवडे त्याची सवय करावी लागते. दोरीमुळे पाखरेही वाचतात, गावातल्या कुत्र्यांपासून चिंगीही वाचते. निघण्यापूर्वी रेबीजची लस टोचून घेतली आणि गोचिडांसाठी मांजरांचेच औषध लावले. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रीन नावाचे कीटकनाशक असते आणि ते मांजराच्या जिवावर बेतते, हे तू नीट लक्षात ठेव. घरची वाळू आणि तिचे रोजचे पांघरूण नेल्यामुळे तंबूला घरचा वास आला. एरवी तिने रात्रभर उच्छाद मांडला असता. तरीही पहाटे, अजून अंधार असताना, ती जाळीशी उभी राहून बाहेरच्या खसफशीकडे कान फिरवत होती आणि आमची झोप तिथेच संपली. बिबट्याच्या मुलखात अंधार पडल्यावर तिला तंबूबाहेर काढायचे नाही, हा नियम आम्ही कसोशीने पाळला.

आता तुझ्या बोक्याविषयी. दाराची घंटा वाजली की तो पलंगाखाली शिरतो, असे तूच लिहिले आहेस; तेव्हा त्याला काकूंकडे ठेव आणि तू एकटाच ये. फेब्रुवारी सरण्यापूर्वी जमवू या, कारण पुढे कोकणातल्या उन्हात चिंगी तोंड उघडून धापा टाकू लागेल, आणि मांजराने तशी धाप टाकणे हे धोक्याचे लक्षण असते. येताना तुझा मोठा तंबू आण. आमच्या तंबूच्या जाळीला तिने नखांनी पाडलेले भोक अजून शिवून व्हायचे आहे.

काकूंना सादर नमस्कार.

तुझा,
विनय