माशी शोधायला आलेल्या भाऊंना

भाऊ,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तुम्ही कीटक समाहारक, म्हणजे तपासणीसाठी कीटक गोळा करणारे, एवढंच लक्षात आहे. जुलै २०२४ मध्ये नंदुरबारकडच्या आमच्या गावात भल्या पहाटे टॉर्च घेऊन गोठ्यात शिरलात. सासूबाई ओरडल्या, "काय धुंडी राह्यनात भो?" तुम्ही म्हणालात, "माशी, आजी." त्यांना थट्टा वाटली.

थट्टेचे दिवस नव्हते. गुजरातेत चांदिपुरा विषाणूच्या तापाने लेकरं जात होती, आणि गुजरात आम्हाला काय लांब? नवापूरचं रेल्वे स्टेशनच अर्धं तिकडे आहे. माझी नणंद तिकडेच दिलेली. ताप, उलट्या, झटके, की दीड-दोन दिवसांत पोर हातचं जातं, हे तिच्याकडून ऐकल्यापासून मी लेकरांना मच्छरदाणीत कोंबत होते. हा विषाणू पसरवणारी वाळूमाशी त्या जाळीतूनही आत शिरते, हे तुम्ही सांगितलंत.

तुमची ती नळी अजून डोळ्यांसमोर आहे. काचेचं टोक भिंतीच्या भेगेशी, रबरी टोक तोंडात, आणि हलकाच श्वास आत ओढायचा. मध्ये जाळी होती म्हणून बरं! मग आतली माशी दाखवलीत: डासाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, केसाळ, पंख वर उभारलेले. अहो, ही तर रोजचीच! आम्ही चिलट समजत होतो. ती अंडी पाण्यात घालत नाही, भेगेतल्या ओलसर मातीत घालते. आणि मी बाई आठवडाभर रांजण घासत बसले होते.

तुम्ही घाबरवलं नाहीत, खोटा धीरही दिला नाहीत. "माशी सापडली म्हणजे विषाणू सापडला असं नाही, ते तपासणीत कळेल," म्हणालात. १९६५ साली पुण्याच्या शास्त्रज्ञांना हा विषाणू नागपूरजवळच्या चांदिपुरात सापडला, म्हणून त्या गावाचं नाव त्याला चिकटलं. गावाचा काय दोष! लस नाही, नेमकं औषध नाही, म्हणून भेगा बुजवा, एवढं मात्र तीनदा बजावलंत.

बुजवल्या. धाब्याच्या घराला भेगांची काय कमी, पण गोठ्याची भिंत आधी लिंपली आणि लेकरांच्या खाटा तिथून हलवल्या. त्याबद्दल मनापासून आभार. चहा मात्र तुम्ही अर्धाच प्यालात.

एरंडेल लावलेला तुमचा एक कागद गव्हाणीमागे राहिला होता. त्यावर तीन-चार चिकटल्यात. घडी न घालता फडताळात ठेवलाय. इकडे आलात तर घेऊन जा.

धाब्याच्या घरातली ताई