नुसतं म्युझियम नको, नाटकही दाखवा

संपादक महोदय, शाळेच्या सहलीत म्युझियम पुरे, नाटकाला वेळ कशाला, हे परवाचं पत्र पटलं नाही. इथे न्यूयॉर्कमध्ये बॅटरी पार्कजवळच्या ‘म्युझियम ऑफ ज्यूइश हेरिटेज’ या ज्यू म्युझियममध्ये शाळांची मुलं येतात, होलोकॉस्टचे, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचे, फोटो बघून गप्प होऊन बसमध्ये बसतात, ते बघायलाच हवं, पण त्याच बिल्डिंगमध्ये १९१५ साली सुरू झालेल्या फोक्सबीने या यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) नाटक कंपनीचे प्रयोग होतात ते कोण बघणार? भाषेचं म्हणाल तर स्टेजवर इंग्लिश सबटायटल्स असतात. (आपल्या बेने इस्रायल मंडळींनी, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंनी, तर मराठीत कीर्तनं केली!) ज्यू माणसं भांडतात, गातात, एकमेकांची टर उडवतात, हे मुलांना फोटोत कुठून दिसणार? मॅटिनीचं तिकीट सहलीच्या फीमध्येच धरा.

— एक पालक, न्यू जर्सी