ध्येय लिहून घेता, मग शिफ्टही ठरवून द्या

महोदय,

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांत एप्रिल म्हणजे अप्रेझलचा, वर्षभराच्या कामाच्या मूल्यमापनाचा महिना. मी रबाळे एमआयडीसीतल्या एका रसायन कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सचा सुपरवायझर आहे. माझ्या हाताखालच्या मुलांचे फॉर्म आधी माझ्याकडे येतात. ‘पुढील वर्षाचे ध्येय’ या रकान्यात बहुतेक जण ‘कम्युनिकेशन स्किल सुधारणे’ लिहून मोकळे होतात. आयटीआय झालेल्या एका मुलाने मात्र गेल्या वर्षी लिहिलं, ‘डिप्लोमा करून पीएलसी पॅनलवर काम करायचं आहे.’ पीएलसी म्हणजे यंत्रं आपोआप चालवणारा छोटा संगणक. वाचून फार बरं वाटलं.

वाट उपलब्ध आहे. आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड (अभ्यासक्रम) केलेल्याला आपल्या राज्यात डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत वर्ग चालवायला एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेने, २०२३-२४ पासून मुभा दिली आहे. मुलाने प्रवेश घेतला, फीही स्वतःच भरली.

अडलं ते शिफ्टपाशी. आमच्याकडे चार्ट शनिवारी संध्याकाळी टाइम ऑफिसबाहेर लागतो आणि सोमवारपासून लागू होतो. त्यातही कुणी दांडी मारली, की फर्स्टवाल्याला बुधवारी सेकंडला ओढतात. वर्ग संध्याकाळी सहाचा, सेकंड शिफ्ट सुटते रात्री अकराला. हजेरी भरली नाही, परीक्षा हुकली. यंदा त्याच्या फॉर्मवरही ‘कम्युनिकेशन स्किल’च आहे. सही करताना माझा हात जड झाला.

‘प्लांट चोवीस तास चालतो, शिफ्ट फिरणारच,’ असं वरून उत्तर येतं. मान्य. पण बॉयलरची वार्षिक तपासणी आली, की कोण कुठल्या पाळीला, हे आम्ही कितीतरी आधी कागदावर मांडतो आणि ते पाळतो. मग शिकणाऱ्या दोन-चार मुलांसाठी तेवढं का जमू नये? महिन्याचा चार्ट आधी लावा. ज्याचा वर्ग चालू आहे, त्याला सत्र संपेपर्यंत वर्गाच्या दिवशी फर्स्ट शिफ्ट द्या. आपसात पाळी बदलून घ्यायला तयार असलेले सहकारी प्रत्येक विभागात असतात. फक्त त्या अदलाबदलीला मंजुरी देण्याचा अधिकार सुपरवायझरला हवा. कंत्राटी मुलांना तर हा फॉर्मच मिळत नाही, आणि केबल ओढायला सगळ्यात पुढे तीच असतात. त्यांनाही यात धरा.

नोकरीत नव्या लागलेल्यांना माझं सांगणं आहे, की फॉर्मवर मोघम लिहू नका. वायरमनचा परवाना, सुपरवायझरचा परवाना, डिप्लोमा, जे हवं त्याचं नाव लिहा, परीक्षेचा महिना लिहा आणि त्यासाठी कुठली शिफ्ट लागेल तेही त्याच रकान्यात लिहा. सही झालेल्या फॉर्मची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा. ऑक्टोबरमध्ये ती घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये जा आणि काय झालं ते विचारा.

– एक इलेक्ट्रिकल सुपरवायझर, ऐरोली, नवी मुंबई