लॅबवाल्या काकांना, जरा उशिराने

काका, नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर व्हॉट्सॅप सोडून काही उघडत नाही हे माहितीय मला, पण तुमची सून सगळं बघते आणि ती हे तुम्हाला वाचून दाखवणार याची पक्की खात्री आहे, म्हणून इथेच लिहितेय. गेल्या महिन्यात तुम्ही रिटायर झालात तेव्हा आमच्या इंटर्नल चालू होत्या, वर स्टाफरूममध्ये शाल-श्रीफळ झालं म्हणे, आणि आम्हाला कळलं कधी तर दुसऱ्या दिवशी केमिस्ट्री लॅबच्या स्टोअरच्या खिडकीत दुसराच चेहरा दिसला तेव्हा. आता सांगा, इतकी वर्षं ज्यांना बाटल्या भरून दिल्या त्या पोरांनाच कुणी विचारलं नाही, ही काय पद्धत झाली? असो. शाल मिळाली ना, बास.

तुम्हाला बहुतेक आठवतही नसेल की आपण पहिल्यांदा कधी बोललो. मी लॅबच्या बाहेर जिन्यात बसून आईशी फोनवर बोलत होते, म्हणजे बोलत कमी आणि रडत जास्त, मराठीतून, कारण मला वाटलं इथे कोणाला कळतंय. बारावीपर्यंत सगळं गुजराती मीडियम आणि इथे आल्या आल्या पहिल्या लेक्चरपासून धाडधाड इंग्लिश, त्यात नवीन शिक्षण धोरणाचे मेजर, मायनर, मल्टिडिसिप्लिनरी, एईसी, एसईसी, व्हीएसी असले पेपरचे प्रकार, कुठला पेपर किती क्रेडिटचा ते पाठ करण्यातच अर्धा महिना गेला. कागदावर छान आहे हो ती पॉलिसी, केमिस्ट्रीवाल्याने थोडं इकडचं तिकडचं शिकावं वगैरे, पण सकाळी एका बिल्डिंगमध्ये लेक्चर, दुपारी दुसऱ्या टोकाला प्रॅक्टिकल, मधल्या वेळात असाइनमेंट, आणि डोक्यावर पंचाहत्तर टक्के अटेंडन्सची टांगती तलवार. मी आईला सांगत होते की मला नाही जमणार, मी कॉमर्सला जाते. तुम्ही डिस्टिल्ड वॉटरचा कॅन घेऊन जिना चढत होतात, थांबलात, आणि म्हणालात, "कॉमर्सला पण जर्नल असतं, पोरी." आणि गेलात वर! मी फोन ठेवून इतकी हसले, आईला वाटलं माझं डोकं फिरलं.

मग कळलं की तुम्ही इथल्याच, बडोद्याच्या दांडिया बाजारातले, घरी मराठी, लॅबमध्ये गुजराती आणि सरांशी इंग्लिश, आणि तिन्ही भाषांत आवाज तेवढाच हळू. आमचे गुजराती मित्र पण तुम्हाला काकाच म्हणायचे, त्यामुळे मला वेगळं काही शोधावं लागलं नाही.

खरं आभार मानायचेत ते टायट्रेशनचे, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडायचं, रंग बदलला की थांबायचं आणि किती लागलं ते मोजायचं, त्या प्रयोगाचे. हसू नका. बाकीच्यांना ते चिल्लर वाटत असेल पण पहिल्या सेमिस्टरला माझी झोप त्याने उडवली होती. बुरेटमध्ये, म्हणजे खाली तोटी असलेल्या उभ्या मापाच्या नळीत, पोटॅशियम परमँगनेट, खाली फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक ॲसिड, मॅन्युअलमध्ये चार ओळी लिहिलेल्या, आणि माझ्या फ्लास्कमध्ये गुलाबी व्हायच्या ऐवजी दरवेळी मातकट तपकिरी गाळ. बाजूच्या मुलीचं सुंदर फिकट गुलाबी, माझा चहा. बॅच मोठी, मॅडमकडे लाईन लागलेली, आणि विचारायला गेलं की आधी "मॅन्युअल वाचलं का?" हे ऐकायचं, ते वाचलेलंच असतं हो, कळलेलं नसतं. तुम्ही स्टोअरच्या खिडकीतून बघत होतात. आलात, फ्लास्कला बाहेरून हात लावलात आणि म्हणालात, "थंड झालंय. ॲसिड पण कंजुषी करून टाकलंयस." एवढंच. मग साठ-सत्तर डिग्रीला गरम करून, डायल्यूट सल्फ्युरिक नीट घालून परत करायला लावलंत, आणि सुरुवातीचा थेंब पडला तरी रंग जाईना म्हणून मी घाबरले तर म्हणालात "शांतीथी, शांतपणे. पहिल्या थेंबाला वेळ लागतो, मग बघ." आणि खरंच मग रंग पटापट जायला लागला. का, ते पण तुम्हीच सांगितलंत, रिॲक्शनमध्ये जे मँगनीज आयन तयार होतात तेच पुढच्या रिॲक्शनला ढकलतात, म्हणून सुरुवात मंद आणि नंतर वेग. पुस्तकात याला ऑटोकॅटॅलिसिस म्हणतात हे मला पुढच्या आठवड्यात लेक्चरला कळलं आणि वर्गात पहिल्यांदा मी एकटीच मान हलवत होते.

त्या दिवशी तुम्ही आणखी काय काय सांगितलंत त्याची यादी करायची नाहीये, पण परमँगनेट गडद असतं, खालची कड दिसतच नाही, म्हणून रीडिंग वरच्या कडेवरून घ्यायचं. बुरेट भरून झाली की वरचं फनेल काढून ठेवायचं नाहीतर त्यातला थेंब मध्येच पडतो आणि तू कॅल्क्युलेशनला दोष देत बसतेस. पिपेटमधला शेवटचा थेंब फुंकायचा नाही, तो तिथेच राहणार हे धरूनच पिपेट बनवलेली असते. हे कोणीच सांगत नाही ना, कारण सगळ्यांना वाटतं हे सगळ्यांना येतं. आणि बोटांवर जे तपकिरी डाग पडले ते लिंबू चोळून जातात हे तर घरी आईने पण मानलं नव्हतं, करून बघितल्यावर मानलं.

मुद्दा काय, की तुम्ही एकदाही "एवढं पण येत नाही?" म्हणाला नाहीत. कोणालाच. तो नडियादचा मुलगा एकच प्रश्न रोज विचारायचा, नॉर्मॅलिटी आणि मोलॅरिटी या द्रावणाच्या तीव्रतेच्या दोन मापांचा, तुम्ही रोज तेच उत्तर द्यायचात जसं काही आजच विचारलंय. कॉलेजात मला सगळ्यात जास्त दमवलं ते अभ्यासाने नाही, अभ्यास असतो तेवढाच असतो, पण आपल्याला काय येत नाही हे लपवत फिरण्यात जी काही ताकद जाते ना, ती तुमच्या खिडकीपाशी वाचायची. मी काही बाही विचारून मोकळी व्हायचे आणि मग घरी जाऊन अभ्यास चक्क व्हायचा.

आणि तो पूर. ऑगस्ट 2024. जन्माष्टमीचा पाऊस, विश्वामित्री नदी शिरली शहरात, आमचं घर समाला, तळमजला. मगरी रस्त्यावर आल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी मजेत फॉरवर्ड केले, आम्ही वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या हॉलमध्ये बसून ते बघत होतो आणि खाली आमचा फ्रिज तरंगत होता. पाणी उतरलं, चिखल काढला, आणि माझी बॅग सापडली. फेअर जर्नल जेल पेनने सजवून लिहिलेलं, शीर्षकं जांभळी, तक्ते हिरवे, सगळ्याचं मिळून एक निळसर पाणी झालेलं. सबमिशन गणपतीच्या आधी. मला वाटलं आता आख्खे प्रॅक्टिकल परत करावे लागतील आणि ते कोण करू देणार.

पण रफ वही! रफ वहीत तुमचा नियम होता की रीडिंग बॉलपेननेच, नाहीतर पेन्सिलने, टेबलावर पाणी सांडतंच म्हणून. आम्ही सगळे तुमची नक्कल करायचो, "जेल पेन घरी प्रेमपत्राला." त्या वहीची पानं फुगली होती, चिखलाचा वास मारत होती, पण आकडे जसेच्या तसे होते, मॅडमच्या सहीसकट. मी ती वही घेऊन तुमच्याकडे आले तेव्हा ग्लासवेअर सुकवायच्या ओव्हनकडे माझं लक्ष गेलेलं तुम्हाला दिसलं, तुम्ही हसलात आणि मान हलवलीत, नाही म्हणजे नाही. मग जुनी वर्तमानपत्रं आणलीत, प्रत्येक दोन पानांमध्ये एकेक कागद घातलात, वर जाडजूड डिक्शनरी ठेवलीत आणि कागद बदलत राहायला सांगितलंत. स्टोअरच्या कपाटावर ती वही पडून होती आणि मी रोज जाऊन कागद बदलायचे, दवाखान्यात पट्टी बदलतात तसं. मॅडमना पण तुम्हीच जाऊन सांगितलंत, मला न विचारता, की मुलीचं घर पाण्यात होतं, रीडिंग खरी आहेत, सही बघा. मला फक्त परत लिहून काढावं लागलं. बाय द वे, मी एकटी नव्हते, त्या आठवड्यात तुमच्या कपाटावर वह्यांची थप्पी होती, फतेगंजच्या, अकोट्याच्या, कारेलीबागेतल्या.

त्या दिवसांत घरी बसायला जागा नव्हती, भिंतींना ओल, गाद्या गच्चीवर, तर तुम्हीच म्हणालात की मांडवीजवळ सेंट्रल लायब्ररीत जाऊन लिही. आणि मग अर्धा तास मला सयाजीरावांनी 1910 मध्ये बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला कसं बोलावून घेतलं आणि गावोगाव वाचनालयं कशी उघडली ते ऐकवलंत, स्टोअरला कुलूप लावायची वेळ झाली तरी. पुस्तकांच्या मजल्यांवर काचेची फरशी आहे यावर माझा विश्वास बसला नव्हता. गेले, बघितली, आणि मग दोन पानं लिहायच्या ऐवजी छताकडे बघत बसले. तरी जर्नल वेळेत झालं हं.

व्हायवाचं, म्हणजे तोंडी परीक्षेचं, सांगायचं राहिलंच. बाहेरचे एक्झामिनर होते, चेहऱ्यावर माशी हलत नव्हती. त्यांनी विचारलं, सल्फ्युरिकच का, हायड्रोक्लोरिक का नाही? मी म्हटलं, परमँगनेट त्याला पण ऑक्सिडाईझ करेल, क्लोरीन निघेल, रीडिंग जास्त येईल. मग नायट्रिक? म्हटलं ते स्वतःच ऑक्सिडायझिंग, म्हणजे रीडिंग कमी. त्यांनी पुढचा प्रश्न न विचारता मान डोलावली. मी तुमच्याकडे बघितलं, तुम्ही मागे वॉश बॉटल भरत होतात आणि मुद्दाम बघत नव्हतात. पण बाटली केव्हाच भरली होती काका, पाणी सिंकमध्ये चाललं होतं.

त्यानंतरच्या सेमिस्टर काय, चालल्याच. नवरात्रीत गरबा खेळून पायाचे तुकडे पडलेले आणि सकाळी ऑरगॅनिकचं प्रॅक्टिकल, एका पेपरला एटीकेटीची भीती होती ती टळली, स्पेक्ट्रोस्कोपी अजूनही डोक्यावरून जाते. रडते अजूनही कधीकधी, पण आता जिन्यात नाही, कँटीनमध्ये सेव-उसळ मागवून सगळ्यांच्या समोर. आणि आता फर्स्ट इयरची पोरं मला विचारतात, आणि माझ्या तोंडात "एवढं पण" इतकं येतं, मग तिथेच गिळते.

तर काका, मनापासून थँक्यू. आई म्हणतेय गणपतीला काकूंना घेऊन यायचंच, दीड दिवसाचा असतो, उकडीचे मोदक पहिल्या दिवशी दुपारी, उशीर केलात तर माझा भाऊ संपवतो. आणि एक काम होतं. नवीन आलेला दादा चांगला आहे पण ती न गळणारी जुनी बुरेट तुम्ही कुठे ठेवलीय ते त्याला सापडत नाहीये, सगळी कपाटं उघडून झाली. त्याला एक फोन करा ना, पुढच्या सोमवारी आमचं प्रॅक्टिकल आहे.