डोमेनचं ‘अंतिम सूचना’वालं पत्र

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, तुम्ही फोटो पाठवलात ते पत्र बिल नाही, पैसे भरू नका. तळाशी बारीक अक्षरं आहेत, ती आईला भिंगाने वाचायला सांगा. सर्च इंजिनमध्ये साइट नोंदवून देण्याची ही ‘ऑफर’ आहे, असं त्यात लिहिलंय. वर ठळक अक्षरांत आपलं डोमेन, म्हणजे साइटच्या पत्त्याचं नाव, तारीख आणि रक्कम छापली आहे, म्हणून ते नूतनीकरणाचं बिल वाटतं. गूगलवर साइट दिसावी म्हणून कुणालाच पैसे द्यावे लागत नाहीत.

तारीख बरोबर आहे म्हणजे पत्र खरं असणार, असं तुम्ही म्हणालात. पण डॉट कॉम नावाची मुदत कधी संपते आणि ते कुठल्या रजिस्ट्रारकडे आहे, हे डोमेन नावांचा कारभार बघणाऱ्या ‘आयकॅन’ या संस्थेच्या लुकअप (शोध) पानावर कुणालाही दिसतं. पत्ता आणि फोन तर आपणच आंब्याच्या ऑर्डरसाठी साइटवर टाकलेत. पत्रावरच्या कंपनीचं नाव त्या पानावरच्या रजिस्ट्रारच्या नावाशी जुळवून बघा. रजिस्ट्रार म्हणजे ज्या कंपनीकडे आपण नाव नोंदवलं ती. आपण पैसे फक्त तिलाच द्यायचे.

अशा पत्रांचा आणखी एक प्रकार जास्त घातक आहे. त्यात पैसे भरले की नाव दुसऱ्या कंपनीकडे, दुप्पट-तिप्पट दराने हलवायला आपण संमती दिली असं होतं. ‘डोमेन रजिस्ट्री ऑफ अमेरिका’ अशीच पत्रं पाठवायची, आणि २००३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिच्यावर कारवाई केली. यावर उपाय म्हणजे रजिस्ट्रारकडच्या आपल्या खात्यात ‘ट्रान्सफर लॉक’, म्हणजे नाव दुसरीकडे हलवू न देणारं कुलूप, चालू ठेवायचं आणि ‘ऑथ कोड’, म्हणजे नाव हलवायला लागणारा गुप्त कोड, कुणालाही सांगायचा नाही. ओटीपी सांगत नाही, तसंच.

चीनमधल्या ‘नोंदणी केंद्रा’चा ई-मेल येईल. एक कंपनी तुमच्याच नावाचं डॉट सीएन आणि डॉट एशिया मागतेय, तुम्ही मूळ मालक म्हणून आधी विचारतोय, अशी त्याची भाषा असते. खरा रजिस्ट्रार असं विचारत बसत नाही. जो आधी अर्ज करतो त्याला नाव मिळतं. उत्तर देऊ नका, ‘नको’ एवढंही नाही. उत्तर गेलं की पत्ता चालू आहे हे त्यांना कळतं. आपल्या नावाला कुणी लाखांत किंमत देऊ केली आणि आधी अमुक साइटवरून मूल्यांकनाचा दाखला आणा म्हणाला, तर त्या दाखल्याची फी हीच त्याची कमाई असते.

पण म्हणून सगळेच ई-मेल पुसू नका. नाव नवीन घेतलं किंवा खात्यातला ई-मेल बदलला, की रजिस्ट्रार पडताळणीचा ई-मेल पाठवतो. १५ दिवसांत ती केली नाही तर साइट बंद पडू शकते. त्यात पैसे कधीच मागत नाहीत. मुदत संपण्याच्या साधारण महिनाभर आणि आठवडाभर आधी आठवण येते, तीही खरी असू शकते. तरी त्यातल्या लिंकवर जायचं नाही. ब्राउझरमध्ये रजिस्ट्रारचा पत्ता स्वतः टाइप करायचा, लॉगिन करायचं आणि तारीख तिथेच बघायची.

‘२४ तासांत नाव जाईल’ ही धमकी खोटी असते. डॉट कॉमची मुदत संपल्यावर बरेच रजिस्ट्रार काही आठवडे, जास्तीत जास्त ४५ दिवस, नेहमीच्या किंवा थोड्या जास्त दराने नूतनीकरण करून देतात. त्यानंतर ३० दिवस नाव परत मिळवता येतं, पण दंड बराच बसतो. शेवटच्या ५ दिवसांत काहीच करता येत नाही आणि मग नाव सगळ्यांना खुलं होतं. मात्र मुदत संपली की साइट आणि त्या नावावरचे ई-मेल लगेच बंद पडू शकतात. म्हणूनच खात्यात आपल्या साइटच्या नावाचा ई-मेल देऊ नका, साधा जीमेल द्या, नाहीतर आठवणीची पत्रंच पोचायची नाहीत. ऑटो-रिन्यूवरही, म्हणजे कार्डातून आपोआप होणाऱ्या नूतनीकरणावरही, विसंबू नका. कार्डाची मुदत संपली किंवा बँकेने परवानगी मागितली की ते अडकतं.

पैसे चुकून गेलेच तर लाजू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, बँकेला कळवा, मग मला सांगा. ऑथ कोड दिला गेला असेल तर त्याच तासाला रजिस्ट्रारला गाठायचं.

आई, कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये डोमेनची पहिली पावती आहे. रविवारी फोन करेन तेव्हा त्यावरचं कंपनीचं नाव मला वाचून दाखव, म्हणजे लॉक आणि तारीख आपण तिघं मिळून बघू.

तुमची,
लेक