हॉल स्टोन पदक वाचायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

पदकं आणि नाणी जमवणाऱ्या आपल्या सगळ्या मंडळींनी वाचावं म्हणून हे आभाराचं पत्र असं उघडच लिहितो आहे.

लंडनच्या जुन्या बाजारात मिळालेलं फ्रीमेसन या बंधुसंघटनेचं ते चांदीचं ‘हॉल स्टोन’ पदक घेऊन मी तुमच्याकडे आलो, तेव्हा अर्थ सांगण्याआधी तुम्ही बजावलंत, “पावडर लावून घासू नकोस. काळं पडलंय तसंच राहू दे.” मागे कोरलेलं नाव आणि लॉजचा, म्हणजे त्यांच्या स्थानिक शाखेचा, क्रमांक आधीच पुसट झाले होते. घासलं असतं तर तेही गेले असते. पहिले आभार त्या सूचनेचे.

मग भिंग माझ्या हातात देऊन तुम्ही एकेक खूण दाखवत गेलात. वर गवंड्याचा गुण्या आणि कर्कटक: वागणं सरळ असावं आणि इच्छांना मर्यादा असावी, असा या मंडळींचा त्यामागचा अर्थ. त्याखाली लटकणारा क्रूस म्हणजे बलिदान. क्रूसाच्या चारही टोकांना चौरस. डावी-उजवीकडच्या चौरसांत १९१४ आणि १९१८. मधोमध पंखधारी शांतीदेवता, आणि तिने पुढे धरलेलं एक मंदिर. नखाएवढ्या जागेत खांब, द्वारमंडप, पायऱ्या, सगळं स्पष्ट! सिरिल सॉन्डर्स स्पॅकमन यांची ही रचना मला आजही पाहत राहावीशी वाटते.

त्या मंदिरामागची हकिकत तुम्ही सांगितली नसती तर मी नुसत्या नक्षीवर खूश राहिलो असतो. पहिल्या महायुद्धात गेलेल्या फ्रीमेसन बांधवांचं स्मारक म्हणून लंडनमध्ये नवी वास्तू उभारायची ठरली. ग्रँड मास्टर, म्हणजे संघटनेचे प्रमुख, ड्यूक ऑफ कॅनॉट यांनी दहा लाख पौंडांचं आवाहन केलं. किमान १० गिनी, म्हणजे साडेदहा पौंड, देणाऱ्या सभासदाला हे पदक मिळे. लॉजच्या वर्गणीची सरासरी माणशी तेवढी भरली, तर त्या लॉजच्या मास्टरला, म्हणजे प्रमुखाला, गळ्यात घालायचं वेगळं पदक. १९२७ मध्ये कोनशिला बसली, १९३३ मध्ये वास्तू पूर्ण झाली.

गुडघे दुखत असूनही तुम्ही मला ग्रेट क्वीन स्ट्रीटवरच्या त्या वास्तूत घेऊन गेलात, हे मी विसरणार नाही. तिथली वॉल्टर गिल्बर्ट यांची काशाची पेटी दाखवलीत. लव्हाळ्यांत विसावलेल्या नावेवर ती ठेवली आहे, कारण प्रवास संपला आहे. तिच्यातल्या नामावलीत युद्धात गेलेल्या बांधवांची ३,२२५ नावं आहेत. तिथे उभं राहिल्यावर पदकावरचा क्रूस मला अधिक नीट कळला.

या चिन्हांबद्दल लोक वाटेल ते लिहितात, गुप्त कारस्थानं शोधतात. मला त्याचं खरोखर वाईट वाटतं. हे पदक छातीवर लावणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी त्या युद्धात भाऊ, मुलगा, मित्र गमावला असेल. तुम्ही स्वतः लॉजचे जुने सभासद. तरी एकाही प्रश्नाला तुम्ही “ते सांगता येत नाही” म्हणून टोलवलं नाहीत. जे ठाऊक होतं ते सांगितलंत, आणि मागचं नाव कुणाचं याचा अंदाज बांधण्याऐवजी लॉजच्या क्रमांकावरून जुन्या नोंदी शोधायला लावल्यात.

त्या नोंदींची टिपणं आता तयार आहेत. पुढच्या रविवारी घेऊन येतो. मेसनांच्या मुलींच्या शाळेसाठी निधी जमवणाऱ्यांना पूर्वी दरवर्षी मिळणाऱ्या पदकांची तुमची पेटीही त्या दिवशी पाहायची आहे. काकूंना नमस्कार सांगा.

आपला कृतज्ञ,
लंडनचा एक पदकवेडा