गेमची जुनी मासिकं रद्दीत देऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी आमच्या महाल भागात रद्दीवाला आला होता, त्याच्या गाडीवर पेपरच्या गठ्ठ्याखाली जुनी कॉम्प्युटरची मासिकं दिसली आणि पोटात धस्सच झालं. त्याला थांबवलं, किलोच्या भावानं सगळा गठ्ठा घरी आणला. एका अंकात सीडी अजून तशीच होती, प्लास्टिकच्या पाकिटात, पाकीट फोडलेलंच नाही! अशा सीडीतल्या डेमोवर, म्हणजे गेमच्या फुकटच्या नमुन्यावर, आमच्या अख्ख्या सुट्ट्या गेल्या, कारण तेव्हा नेटवरून गेम उतरवायचा म्हणजे रात्र जायची आणि लाइन कटली की पुन्हा पहिल्यापासून.

आता लोक म्हणतील, गेमच्या मासिकात जपण्यासारखं काय आहे. खूप आहे. १९८१ मध्ये इंग्लंडात 'कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स' आणि अमेरिकेत 'इलेक्ट्रॉनिक गेम्स' सुरू झालं, त्या काळी कॉम्प्युटरच्या मासिकांत गेमचा अख्खा प्रोग्रॅमच छापून यायचा, 'बेसिक' या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतल्या ओळीच्या ओळी, वाचणाऱ्यानं घरी बसून टाइप करायच्या, एक स्वल्पविराम चुकला की गेम चालत नसे मग चूक शोधत बसा. पोरं प्रोग्रॅमिंग अशीच शिकली. आणि मासिकात छापायला गेमचे फोटो कसे घ्यायचे माहीत आहे का, स्क्रीनशॉटचं बटन नव्हतंच, खोलीत अंधार करून टीव्हीसमोर कॅमेरा लावायचा, शटर हळू ठेवायचं, कारण टीव्हीचं चित्र ओळीओळीनं उमटते, शटर फास्ट असलं तर फोटोत अर्धाच स्क्रीन यायचा.

'कॉन्ट्रा' या गेममध्ये तीस लाइफ मिळवायचा कोड, म्हणजे या क्रमानं बटनं दाबायची, अप अप डाऊन डाऊन लेफ्ट राइट लेफ्ट राइट बी ए, हा आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ होता. मी तो गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला होता. तिकडे अमेरिकेत असे कोड 'निन्टेंडो पॉवर'सारख्या मासिकांतून घरोघरी गेले. ते मासिक १९८८ मध्ये निघालं आणि २०१२ मध्ये बंद झालं, आमच्यापैकी कोणी त्याचा एक अंकही पाहिला नव्हता तरी कोड मात्र तोंडोतोंडी नागपुरात पोचला. मला अजूनही याचं नवल वाटते.

बाहेर लोक हे मनावर घेऊन राहिले. अमेरिकेत व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशननं जुनी मासिकं स्कॅन करून जानेवारी २०२५ मध्ये सगळ्यांसाठी खुली केली. आपल्याकडे 'चिप', 'डिजिट', गेमसाठी वेगळं निघालेलं 'स्कोअर', यांचे अंक घराघरांत पडले आहेत आणि गाडीवर चालले आहेत. कोणता गेम इथे केवढ्याला मिळायचा, कॉम्प्युटरच्या जाहिरातीत किती रॅम लिहिलेली असायची, वाचक पत्रांत काय विचारायचे, हे सगळं त्यातच आहे, दुसरीकडे शोधायला जाल तर सापडणार नाही.

माझी कळकळीची विनंती आहे की नागपुरातल्या वाचनालयांनी यासाठी एक कपाट तरी द्यावं. दिवाळीअंक जपता नं, मग हेही जपा. आणि सीडी आधी कॉपी करा, कागद टिकेल पण सीडीचा भरवसा नाही, माझ्या गठ्ठ्यातल्या दोन आत्ताच वाचल्या जात नाहीत.

मी माझा सगळा गठ्ठा द्यायला तयार आहे, ती न फोडलेली सीडीसुद्धा.

आपला एक वाचक,
महाल, नागपूर